तालमीविना वारसा : ड्यूई आणि जोशुआ रेडमन यांचे दोन सॅक्सोफोन

वडील आणि मुलगा एकच वाद्य वाजवीत असले की ऐकणाऱ्याच्या हाती एक आयता तराजू येतो. एका पारड्यात बाप, दुसऱ्यात लेक, आणि मग कोण जड याचा निवाडा. अमेरिकन जॅझमध्ये ड्यूई रेडमन आणि जोशुआ रेडमन या दोन टेनर सॅक्सोफोनवादकांच्या वाट्याला हा तराजू गेली तीस वर्षे येत आहे, आणि त्यातून निघालेला निवाडाही ठरून गेला आहे : वडील बंडखोर, मुलगा शिस्तीचा, वडील मूठभर जाणत्यांचे, मुलगा भरलेल्या सभागृहांचा. हे अगदीच खोटे नाही. परंतु दोघांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्या तर हा निवाडा फार लवकर थकतो. ज्याला बंड म्हटले जाते त्यात विलक्षण शिस्त सापडते, आणि ज्याला शिस्त म्हटले जाते ती वय वाढते तशी वडिलांच्या अंगणाकडे सरकताना दिसते.

ड्यूई रेडमन यांचा जन्म 17 मे 1931 रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे झाला. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या असलेल्या आय. एम. टेरेल या शाळेत ते शिकले. त्यांच्याहून वर्षभराने मोठा असलेला ऑर्नेट कोलमन याच शाळेच्या बँडमध्ये होता. पुढे ज्याच्यामुळे जॅझचा सारा नकाशा बदलला तो माणूस आणि ड्यूई यांची ओळख ही अशी शाळकरी. मात्र ड्यूई लगेच संगीताच्या धंद्यात उतरले नाहीत. त्यांनी 1953 मध्ये पदवी घेतली, सैन्यात नोकरी केली, टेक्सासमध्ये शाळेत शिकवले आणि 1959 मध्ये शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवीही मिळवली. त्यानंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते कॅलिफोर्नियाला निघून गेले. सॅन फ्रान्सिस्कोत काही वर्षे काढून 1967 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि ते कोलमनच्या चमूत दाखल झाले.

जोशुआचा जन्म त्यानंतर, 1 फेब्रुवारी 1969 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच्या किनाऱ्यावरील बर्कली येथे झाला. वडील न्यूयॉर्कला आणि मुलगा आईपाशी बर्कलीत, अशीच त्याची वाढ झाली. आई रेनी शेड्रॉफ या नर्तिका आणि ग्रंथपाल. बर्कलीतील ‘सेंटर फॉर वर्ल्ड म्युझिक’ या संस्थेत त्या दक्षिण भारतीय नृत्य शिकत असत आणि मुलाच्या कानांवर जगभरचे संगीत पहिल्यांदा तिथेच पडले. जोशुआने नवव्या वर्षी क्लॅरिनेट हाती घेतली, दहाव्या वर्षी टेनर सॅक्सोफोन. तरीही संगीत हा त्याचा ठरलेला व्यवसाय नव्हता. 1991 मध्ये त्याने हार्वर्डमधून समाजशास्त्रीय विषयांची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेतली आणि येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. वर्षभराची सवलत मागून तो न्यूयॉर्कला गेला, त्याच वर्षी सॅक्सोफोनसाठी असलेली थेलोनिअस मंक आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली, आणि येल कायमचे राहून गेले.

येल सोडण्याची ही कथा वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवली, आणि ज्या घरांत प्रवेशपत्राची चौकट करून भिंतीवर लावतात त्या घरांना ती आजही रोमांचक वाटावी. पण तिचा जुळा भाग फारसा सांगितला जात नाही. शिक्षकाची पक्की नोकरी आणि पदव्युत्तर पदवी बाजूला ठेवून वडीलही बत्तीस वर्षांपूर्वी असेच निघाले होते. फरक इतकाच की मुलाच्या निर्णयाला वर्षभरात यश आले. वडिलांच्या निर्णयाला कुणी निर्णय म्हणूनही मोजले नाही.

भारतीय वाचकाच्या मनात येथे घराण्याची कल्पना सहज उभी राहते. आपल्याकडे बापाकडून लेकाकडे विद्या जाते ती तालमीतून : पहाटेचा रियाझ, समोर बसून घेतलेली बंदिश, चुकले की थांबवणारा आवाज. रेडमन कुटुंबात यातले काहीच घडले नाही. वडील या भागात कार्यक्रमासाठी आले म्हणजे भेट होई. एरवी ते घरी असत ते तबकड्यांच्या रूपाने. एकलव्याचे उदाहरण ओठांवर येते, पण ते नीट बसत नाही. जोशुआच्या पुढे एकच मूर्ती नव्हती. जॉन कोल्ट्रेन, ऑर्नेट कोलमन, कॅननबॉल ॲडर्ली यांच्या रांगेत वडील उभे होते, आणि त्या रांगेशेजारी बीटल्स, अरीथा फ्रँकलिन, प्रिन्स आणि लेड झेपेलिनही होते. म्हणजे वडील हे अनेक प्रभावांपैकी एक. दोघांमधले साम्य आणि अंतर दोन्ही समजून घ्यायचे तर हा मुद्दा विसरून चालत नाही.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळू. टेक्सासमधून आलेल्या टेनर सॅक्सोफोनवादकांची एक जुनी परंपरा आहे : इलिनॉय जॅके, आर्नेट कॉब, बडी टेट. भरदार, रुंद, किंचित खरखरीत सूर. ब्लूजची मुळे खोल रुजलेली. दारूच्या गुत्त्यातील गोंगाटावर मात करील असा दमसास. ड्यूई यांचा सूर याच मातीतला. त्यात त्यांनी स्वतःची भर घातली ती कंठाची. वाद्य फुंकतानाच ते घशातून गात, गुणगुणत, कधी ओरडत, आणि हा आवाज वाद्याच्या नळीतूनच बाहेर पडे.

या युक्तीमागचे ध्वनिशास्त्र साधे आहे. समजा, वाद्यातून सेकंदाला 220 कंपनांचा स्वर निघतो आहे आणि वादक त्याच वेळी घशातून 165 कंपनांचा स्वर लावतो आहे. दोन्ही कंपने रीडपाशी एकमेकांत मिसळतात, तेव्हा त्यांच्या बेरजेचा म्हणजे 385 चा आणि वजाबाकीचा म्हणजे 55 चा स्वरही उमटू लागतो. मूळ दोन स्वर एकमेकांशी संवादी असले तर एकट्या वाद्यातून छोटासा वाद्यवृंद ऐकू येतो. नसले तर सूर फाटतो, गुरगुरतो. इतर सॅक्सोफोनवादकांनी ही गुरगुर तिखटमिठासारखी वापरली. ड्यूई यांनी तिच्यावर सबंध जेवण रांधले. त्यांच्या एकलवादनात असे दीर्घ प्रसंग येतात की माणूस कुठे संपला आणि पितळ कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

त्यांच्या हाती आणखी एक वाद्य असे. त्याला ते ‘म्यूझेट’ म्हणत. प्रत्यक्षात ती चिनी सुओना, म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण. ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’ या चमूच्या 1979 च्या अल्बममधील ‘ऑर्बिट ऑफ ला-बा’ ही त्यांची रचना मराठी कानाने ऐकून पाहावी. लग्नमंडपातील सुरांची सवय असलेल्या श्रोत्याला ती अमेरिकेतल्या अनेक जॅझप्रेमींपेक्षा लवकर जवळची वाटेल.

ड्यूई यांच्या संगीताला ‘फ्री जॅझ’ हे नाव चिकटले आहे, आणि त्या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. नेहमीच्या जॅझमध्ये एखाद्या गीताची कॉर्डची मालिका ठरलेली असते. पियानो ती पुन्हा पुन्हा फिरवतो आणि वादक तिच्यावरून उपज करीत जातो. ठरावीक मात्रांनंतर ठरावीक वळण घ्यावेच लागते. कोलमनने ही मालिका काढून टाकली. पियानोवाला चमूत ठेवलाच नाही. मग वादकाला धरायला उरते काय? मूळ सुरावट, तिची मनोवृत्ती, आणि सोबतच्या माणसांचे ऐकणे. हे स्वातंत्र्य खरे, पण ते कमी जबाबदारीचे नव्हे. आधाराची काठी काढून घेतल्यावर चालणाऱ्याचा तोल अधिकच दिसतो. ड्यूई यांचा तोल वाक्यरचनेत होता. श्वास जितका पुरेल तितके वाक्य, मग विराम, मग आधीच्या वाक्याला उत्तर देणारे पुढचे वाक्य. कोलमन यांचे धारदार आल्टो वरच्या पट्टीत धावत असताना खालून ड्यूई यांचा टेनर जमीन पुरवीत राहतो, हे ‘न्यूयॉर्क इज नाऊ!’ या 1968 च्या ध्वनिमुद्रणापासून स्पष्ट ऐकू येते.

1971 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला कोलमनचा ‘सायन्स फिक्शन’ हा अल्बम मराठी वाचकांनी आणखी एका कारणासाठी शोधावा. त्यातील दोन गीतांना आवाज आहे तो मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांचा, आणि त्या आवाजामागे उभ्या असलेल्या सॅक्सोफोनांपैकी एक ड्यूई यांचा आहे.

याच दशकात कीथ जॅरेट यांच्या चौकडीत ड्यूई होते. तिथे पियानो होता, ठरलेल्या रचना होत्या, आणि ‘द सर्व्हायव्हर्स सूट’सारखी विस्तीर्ण आखणीही होती. तीत ते तितक्याच सहजतेने वावरतात. म्हणजे नियम येत नव्हते म्हणून नियम मोडले, अशातला हा प्रकार नव्हता. खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोलमन, जॅरेट, चार्ली हेडन यांचा ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’, पॅट मेथिनी यांचा ‘80/81’ : ड्यूई यांची बहुतेक गाजलेली कामगिरी इतरांच्या नावाखाली नोंदली गेली. ‘द इअर ऑफ द बिहिअरर’ (1973) किंवा ‘द स्ट्रगल कंटिन्यूज’ (1982) हे त्यांचे स्वतःचे अल्बम जाणकारांनी वाखाणले. घराघरांत ते पोचले नाहीत.

जोशुआचा सूर कानावर पडताच पहिला फरक जाणवतो तो स्वच्छतेचा. प्रत्येक स्वराला कडा आहे, जलद तानेतला दाणा न् दाणा वेगळा ऐकू येतो. टेनर सॅक्सोफोनचा नैसर्गिक पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा. त्याच्याही वर, ओठ आणि घसा यांच्या सूक्ष्म नियंत्रणाने, एक अतितार प्रदेश गाठता येतो. अनेक वादक तिथे आरोळीसाठी जातात. जोशुआ तिथे सुरावट वाजवतो.

दुसरा फरक अधिक खोल आहे, आणि तो आखणीचा आहे. ड्यूई एका वाक्यातून पुढचे वाक्य शोधतात, शेवट कुठे होणार हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे असे वाटते. जोशुआच्या एकलवादनात आरंभापासून शेवटाची चाहूल असते. एक छोटी कल्पना मांडायची, ती उलटसुलट करायची, लय दुप्पट करायची, थोडे मागे यायचे आणि मग शिखर. ‘स्पिरिट ऑफ द मोमेंट’ या न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मधील 1995 च्या प्रत्यक्ष मुद्रणात श्रोते या शिखरांवर उसळताना ऐकू येतात. उत्तम वकिलाच्या युक्तिवादाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. येलचा इतिहास माहीत असल्याने तो आवरायला हवा. मात्र या गुणातच दोषाचे बीज आहे. आरंभीच्या काही अल्बमांत शिखर इतके वेळेवर येते की त्याची वाट पाहण्यातली धाकधूक उरत नाही. ड्यूई यांच्याकडे ती धाकधूक कायम असते. क्वचित शिखर येतच नाही, आणि तरी वाजवणे वाया गेले असे वाटत नाही.

दोघांनाही एकाच फूटपट्टीने मोजायचे तर चार्ली पार्कर हाताशी आहे. ‘द स्ट्रगल कंटिन्यूज’च्या अखेरीस ड्यूई यांनी पार्करची ‘ड्यूई स्क्वेअर’ ही रचना वाजवली आहे (नावाचा योगायोग गमतीचा आहे). मुलाने ‘विश’ या 1993 च्या अल्बममध्ये पार्करचीच ‘मूस द मूच’ घेतली. बीबॉपची व्याकरणशुद्ध, अवघड भाषा. ‘फ्री’ म्हणून ओळखला गेलेला बाप ती भाषा अस्खलित बोलतो, पण उच्चार फोर्ट वर्थचा ठेवून. मुलाचा उच्चार नेटका, चपळ, कोणत्याही एका गावाचा नसलेला. तबकड्यांतून शिकलेल्या आणि कानाने सारे खंड हिंडून आलेल्या पिढीचा हा उच्चार आहे. परदेशात वाढलेल्या मुलांचे मराठी ऐकणाऱ्यांना हा भेद वेगळा समजावून सांगायला नको.

‘विश’ची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तेव्हा चोवीस वर्षांच्या जोशुआसोबत त्यात कोण वाजवते आहे? गिटारवर पॅट मेथिनी, ज्यांनी 1980 मध्ये ड्यूई यांना आपल्या अल्बममध्ये बोलावले होते. डबल बासवर चार्ली हेडन, जे कोलमन, जॅरेट आणि ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’ या तिन्ही ठिकाणी ड्यूई यांचे सोबती. ड्रमवर बिली हिगिन्स, कोलमनच्या पहिल्या चौकडीतले. आणि पहिलीच रचना कोलमनची, ‘टर्नअराउंड’, बारा मापांचा ब्लूज. पियानो नाही. मुलगा वडिलांच्या मित्रमंडळींत जाऊन बसला होता, मात्र वडील तिथे नव्हते.

त्याआधी, 1992 च्या सुमारास, दोघे एकत्र वाजवीत होते. ‘चॉइसेस’ आणि ‘आफ्रिकन व्हीनस’ हे ड्यूई यांच्या नेतृत्वाखालचे अल्बम त्या काळातले. दोन टेनर एकाच चमूत आले की जॅझमध्ये झुंज लावण्याची रूढी आहे, आणि ही ध्वनिमुद्रणे त्या अपेक्षेने ऐकणाऱ्याची थोडी निराशा होते. वडील मुलाला हरवीत नाहीत, मुलगा वडिलांना दमवीत नाही. दोन माणसे एकमेकांच्या बोलण्याची ढब न्याहाळीत असावीत तसे ते वाजवतात. पुढच्याच वर्षी मुलगा वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीचा कलावंत झाला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आला. साठी ओलांडलेले वडील युरोप-जपानमधील लहान कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रणे करीतच राहिले. एका पिढीने घातलेल्या पायवाटेचा टोल दुसरीने वसूल करावा, असे हे चित्र कुणाला वाटेल. ते पूर्ण खरे नाही, कारण जोशुआचे श्रोते त्याने स्वतः मिळवले. पण ते पूर्ण खोटेही नाही. आणि मुलाला याची जाणीव होती हे त्याच्या नंतरच्या निवडींवरून दिसते.

यातली पहिली निवड 2007 च्या ‘बॅक ईस्ट’ची. पियानो नाही, गिटार नाही. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम एवढेच. सॉनी रॉलिन्स यांच्या 1957 च्या ‘वे आउट वेस्ट’ला दिलेला हा प्रतिसाद. अल्बमच्या शेवटाकडे कोल्ट्रेनची ‘इंडिया’ येते, आणि तीत वडील सामील होतात. ही रचना कोल्ट्रेनने नोव्हेंबर 1961 मध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये वाजवली होती. पंडित रविशंकर यांच्या संगीताने तो तेव्हा भारला गेला होता. पुढे आपल्या मुलाचे नावच त्याने रवी ठेवले, आणि तो रवी कोल्ट्रेनही आज नामवंत सॅक्सोफोनवादक आहे. ‘इंडिया’त कॉर्डची मालिका जवळजवळ नाहीच. तानपुऱ्यासारखा एक आधारस्वर चालू राहतो आणि त्यावर सारे उभारायचे असते. रेडमन बापलेकांच्या भेटीसाठी याहून योग्य जागा सापडणे कठीण. येथे मुलाच्या आखणीला फारसे काम उरत नाही, सुराच्या पोताला आणि श्वासाला उरते. म्हणजे मैदान वडिलांचे, आणि मुलगा तिथे आपण होऊन आलेला. अल्बमची अखेर ड्यूई यांच्या स्वतःच्या ‘जीजे’ या रचनेने होते आणि तीतही त्यांचा सॅक्सोफोन आहे. ध्वनिमुद्रण झाले 2006 मध्ये. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला ड्यूई यांचे निधन झाले. अल्बम बाजारात आला तो त्यानंतर.

दुसरी निवड यायला आणखी अकरा वर्षे लागली. 1976 मध्ये ड्यूई, ट्रंपेटवादक डॉन चेरी, चार्ली हेडन आणि ड्रमर एड ब्लॅकवेल या कोलमनच्या चार जुन्या साथीदारांनी ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’ हा चमू उभारला होता. कोलमन स्वतः तेव्हा विजेच्या गिटारींकडे वळलेला, आणि त्याचे आधीचे संगीत या चौघांनी जिवंत ठेवले. 2018 मध्ये जोशुआने ‘स्टिल ड्रीमिंग’ हा अल्बम काढला तो या चमूला स्मरून. रॉन माइल्स कॉर्नेटवर, स्कॉट कॉली बासवर, ब्रायन ब्लेड ड्रमवर. मूळचे चौघेही तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते.

नक्कल करण्याचा धोका येथे सर्वांत मोठा होता. तो टाळला गेला तो साध्या उपायाने : जुन्या चमूची हेडनची ‘प्लेइंग’ आणि कोलमनची ‘कॉम इल फो’ अशा दोनच रचना घेतल्या, बाकीच्या नव्या. त्यात जोशुआ घशातून गुरगुरत नाही. ते त्याचे नव्हेच. परंतु वाक्ये आखूड झाली आहेत. विराम वाढले आहेत. कॉर्नेट बोलत असताना टेनर खाली उभा राहून जमीन पुरवतो, 1968 मध्ये ड्यूई कोलमनसाठी पुरवीत तशी. ‘प्लेइंग’ आधी वडिलांच्या चमूची, 1980 च्या ध्वनिमुद्रणातली, आणि लगेच नंतर मुलाची अशी ऐकावी. मुलाच्या वाजवण्यात दोन-तीन जागा अशा येतात की जिथे सवयीचे शिखर गाठण्याची सारी तयारी झालेली असते, आणि तो तिथे न जाता थांबतो.